सालदाराचा भाव पाडव्याला ठरतो, म्हाताऱ्यांजवळ राहणाऱ्या बाईचा कोण ठरवणार?

खान्देशात सालदार ठरवताना कुठलीच गोष्ट अंधारात राहत नाही. पाडव्याला नाहीतर अखाजीला ओट्यावर बसून बोलणी होतात. साल किती, उचल किती, रात्रीच्या लाइटीवर पाणी भरायला जायचं की नाही, सणाला सुट्टी किती, मध्येच काम सोडलं तर उचल कशी फिटणार, हे सगळं चार माणसांसमोर ठरतं. सालाचा आकडा आता बऱ्याच गावांत लाखाच्या पुढे गेलाय. त्याबद्दल कुरकुर करतो, पण देतो. त्याच घरात लकव्याने पडलेल्या आईला रात्री दोनदा कुशीवर वळवणारी, तिचं हगणं-मुतणं काढणारी बाई मात्र कोणत्या बोलीवर राहते, हे विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात.

आधी हे काम खटल्यात जिरून जायचं. चार सुना, दोन नणंदा, कोणी ना कोणी घरी असायचंच. आता एक मुलगा सुरतला उधन्यात, दुसरा चाकणला कंपनीत, आणि गावातल्या घरात दोन म्हातारी माणसं. त्यातलं एक पडलं की दुसरं किती पुरणार? मग मुलं फोनवर एकमेकांना विचारतात, "कोणी राहणारी बाई भेटेल का?"

बाई भेटते, पण पैशांचं काय? शहरातल्या ब्युरोकडून चोवीस तासांची बाई घेतली तर तिचा पगार, ब्युरोचं कमिशन आणि तिचं जेवणखाण असं सगळं येतं. हिशोबापुरते महिन्याला 15 हजार धरू. वर्षाचे झाले 1 लाख 80 हजार. 2025-26 साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 8110 रुपये क्विंटल आहे. म्हणजे 22 क्विंटलपेक्षा जास्त कापूस नुसता तिच्या पगाराला. कोरडवाहूत एकरी चार-पाच क्विंटल निघाला तर पाच एकरांचं पूर्ण पीक गेलं, त्यात बियाणं, खत, वेचणी अजून धरलेलीच नाही. आणि हमीभाव मिळाला तर!

सरकारकडून काय मिळतं तेही पाहू. श्रावणबाळ योजनेत 65 वर्षांवरच्यांना महिन्याला 1500 रुपये, आणि त्याला कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची 21 हजारांची अट. वरच्या हिशोबाने 1500 म्हणजे बाईचा तीन दिवसांचा पगार. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 3 हजार, ते एकदाच, काठी-चष्मा-कंबरपट्ट्यासाठी. ऑक्टोबर 2024 पासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना आयुष्मान कार्डावर 5 लाखांपर्यंतचे उपचार आहेत, पण ते दवाखान्यात भरती असेपर्यंत. खरं दुखणं सुरू होतं डिस्चार्ज घेऊन पेशंट घरी आणल्यावर, आणि तिथे कार्ड चालत नाही.

म्हणून मग बहुतेक घरांत एक सून गावी थांबते. नवरा कंपनीत, ती सासूजवळ. आमच्याकडे निंदणीला बाईमाणसाला दिवसाला अडीचशे-तीनशे मिळतात. ती मजुरी तिने सोडली, लेकरांची शहरातली शाळा सोडली, पण हे कुठल्याच वहीत लिहिलं जात नाही. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात तर 'मुले' म्हणजे मुलगा, मुलगी, नातू, नात. त्यात सून नाहीच. कायद्याने जिच्यावर जबाबदारी नाही तीच सगळं करते, आणि वाटणीच्या वेळी ज्यांनी दिवाळीला येऊन पाया पडले ते बरोबरीने बसतात. आमच्या भावकीत याच कारणावरून दोन भाऊ एकमेकांच्या लग्नकार्यात जात नाहीत.

काही ठिकाणी पगाराऐवजी जमिनीने फेड होते. जो सांभाळेल त्याला शेत, असं तोंडी ठरतं आणि बक्षीसपत्र होतं. मुलाला किंवा नातवाला शेती बक्षीस द्यायला मुद्रांक शुल्क 200 रुपयेच आहे, त्यामुळे कागद पटकन होतो. कागद झाला की सांभाळणं ढिलं पडतं, हेही आपण पाहिलंय. याच कायद्याच्या कलम 23 प्रमाणे सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता परत घेता येते. पण ती अट असल्याचं दाखवता आलं पाहिजे, असं सुप्रीम कोर्टाने 2022 मध्ये सांगितलं. जानेवारी 2025 मध्ये मध्य प्रदेशातल्या एका आईच्या खटल्यात कोर्टाने मुलाच्या नावचं बक्षीसपत्र रद्दच धरलं, आणि घराचा ताबा परत देण्याचा आदेशही न्यायाधिकरण देऊ शकतं असं स्पष्ट केलं. तिथे मुलाने सांभाळण्याचं लिहून दिलेलं होतं. तेव्हा बक्षीसपत्र करायचंच असेल तर 'आजन्म सांभाळ व औषधपाणी करण्याच्या अटीवर' ही ओळ लेखनिकाकडून लिहून घ्या. तो म्हणेल गरज नाही. ऐकू नका.

आता पगारी बाईची बाजू. ती बहुतेक वेळा विधवा नाहीतर सोडलेली, दुसऱ्या तालुक्यातली. चोवीस तास म्हणजे खरंच चोवीस तास. पेशंटजवळच खाली अंथरूण. पेशंट वारला की त्याच दिवशी तिचं काम संपतं, दहाव्यापर्यंतही कोणी थांब म्हणत नाही. महाराष्ट्रात घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा 2008 चा आहे, पण खेड्यात राहून काम करणाऱ्या बाईला कामगार कार्यालयात नेऊन नोंदणी करून देणारा मालक मला अजून भेटलेला नाही. जानेवारी 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने घरकामगारांच्या कायद्यासाठी समिती नेमायला केंद्राला सांगितलं. त्यातून गावात काही पोहोचलेलं दिसत नाही.

गंमत अशी की याच कामाची किंमत सरकारला माहीत आहे. 2024-25 मध्ये जिल्ह्याजिल्ह्याच्या कौशल्य विकास केंद्रांनी पत्रकं काढली होती. इस्राईलमध्ये घरी राहून म्हाताऱ्यांची काळजी घेणाऱ्यांच्या 5 हजार जागा, 990 तासांचं प्रशिक्षण, पगार महिन्याला 1 लाख 30 हजारांच्या वर. आपल्या सालदाराचं वर्षाचं साल तिथे एका महिन्यात. तेल अवीवच्या म्हाताऱ्यासाठी हे कौशल्य, आणि अमळनेर-शिंदखेड्याच्या म्हातारीसाठी 'त्यात काय शिकायचं?'

जर्मनीत 1995 पासून काळजीचा वेगळा विमा आहे. घरातल्याच माणसाने सांभाळलं तरी तिथे घराला पैसे मिळतात. तितकं लांब नको, केरळात अंथरुणाला खिळलेल्या माणसाजवळ राहणाऱ्याला 'आश्वासकिरणम' योजनेतून महिन्याला 600 रुपये देतात. 600 ने काही भागत नाही, पण सांभाळणाऱ्याचं नाव सरकारच्या यादीत तरी येतं. आपल्याकडे यादीत फक्त पेशंट.

सरकार देईल तेव्हा देईल. घरात मात्र चार गोष्टी आजच ठरवता येतात. भावांपैकी कोण महिन्याला किती टाकणार ते आकड्यात. गावी राहणाऱ्या सुनेच्या खात्यावर ते पैसे दर महिन्याला, नवऱ्याच्या हातात नाही. बाहेरची बाई असेल तर आठवड्याला एक दिवस सुट्टी, आणि त्या दिवशी कोण बसणार तेही आधीच. पेशंट गेल्यावर एक महिन्याचा पगार. एखादा भाऊ हात वर करत असेल तर आई-बापाने प्रांताकडे अर्ज करावा. जळगाव जिल्ह्यात भुसावळ, फैजपूर, अमळनेर, चाळीसगाव, पाचोरा, एरंडोल इथेही प्रांत कार्यालय आहे, धुळ्यात शिरपूरला. महिन्याला 10 हजारांपर्यंत पोटगी लागू शकते, आणि नोटीस बजावल्यापासून 90 दिवसांत निकाल द्यावा असं कायद्यातच लिहिलंय.