उष्ट्या इंग्रजीचे मानकरी

इंग्रजी ही ज्ञानाची भाषा आहे, ती उत्तम यावी, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. आक्षेप आहे तो त्या भाषेतील झिजून गुळगुळीत झालेली नाणी अस्सल सोने म्हणून मिरवण्याच्या दास्यवृत्तीला.

'ॲट द एन्ड ऑफ द डे' हाच शब्दप्रयोग घ्या. २००४ मध्ये ब्रिटनमधील 'प्लेन इंग्लिश कॅम्पेन' या संस्थेने आपल्या समर्थकांचा कौल घेतला, तेव्हा सर्वाधिक वीट आणणारा वाक्प्रचार म्हणून याचीच निवड झाली. इंग्रजीच्या माहेरी ज्याची ही अप्रतिष्ठा, तो येथील कार्यालयांत आणि दूरचित्रवाणीवरील चर्चांत विद्वत्तेचे लक्षण ठरतो! 'शेवटी' या तीन अक्षरांनी मराठी माणसाचे कोणते काम अडले होते?

बिहारमधील मोतिहारी येथे जन्मलेले जॉर्ज ऑर्वेल यांनी १९४६ मध्येच 'पॉलिटिक्स अँड द इंग्लिश लँग्वेज' या निबंधात या रोगाचे निदान केले. छापील मजकुरात नेहमी आढळणारी उपमा वापरूच नये, हा त्यांचा पहिला नियम. कारण आयते शब्द माणसाच्या वतीने विचार करू लागतात आणि सत्तेला आपले पाप झाकण्यास पांघरूण मिळते. असहाय खेड्यांवर बॉम्ब टाकून त्याला 'शांतता प्रस्थापना' म्हणण्याचे उदाहरण त्यांनीच दिले. १९९९ मध्ये 'नाटो'च्या युगोस्लाव्हियावरील हल्ल्यांत निरपराध नागरिक मारले गेले, तेव्हा 'कोलॅटरल डॅमेज' हा शब्द असाच कामी आला.

मराठीची स्थिती काय आहे? ज्या कोकण किनाऱ्यावर हिमनग कधी कोणी पाहिला नाही, तेथील वृत्तपत्रांतही प्रत्येक घोटाळा 'हिमनगाचे टोक' असतो. घोटाळा किती रुपयांचा, दोषी कोण, हे मात्र गुलदस्तातच राहते.

छत्रपती शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश सिद्ध करवून घेतला, तो राज्यकारभारातही स्वत्व असावे म्हणून. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी 'महापौर', 'दिग्दर्शक' असे शब्द दिले, ते मराठीत रुळले. हा वारसा सांगणाऱ्यांच्या घरांतून आणि बैठकांतून उसन्या इंग्रजी वाक्प्रचारांची हकालपट्टी आधी झाली पाहिजे. भाषेचे स्वराज्य तेथूनच सुरू होईल.