वाटेवरची वीज

चुंबकीय क्षेत्र बदलत राहिले म्हणजे जवळच्या तारेच्या वेटोळ्यात वीज उत्पन्न होते, हे मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली दाखवून दिले. याच तत्त्वावर अमेरिकेतील डेट्रॉइट शहरी २०२३ साली एका रस्त्याखाली तांब्याची वेटोळी पुरण्यात आली. तळाशी तसेच वेटोळे असलेली गाडी त्यांवरून धावता धावता आपली बॅटरी भरून घेते.

मग सर्वच रस्ते असे करावेत काय? ते फार खर्चाचे होईल. पहिला मान बसगाडीचा! ती नित्य ठराविक वाटेनेच जाते. त्या वाटेचा थोडा भाग सज्ज केला, की तिला जड बॅटरी वाहावी लागत नाही. दक्षिण कोरियातील गुमी शहराने २०१३ साली हाच प्रयोग केला. सर्वांच्या पैशाने बांधलेल्या रस्त्याचा लाभ आधी सर्वांच्या गाडीस मिळावा, हेच न्यायाचे होय.