अर्ध्या पिक्सेलचं भांडण

पॅनोरमात किल्ल्याची तटबंदी मध्येच तुटलेली दिसली की आपण म्हणतो, हात हलला. बऱ्याचदा ते खरंही असतं. पण कधीकधी फोटो काढणाऱ्याचा काही दोष नसतो. फोटो जोडणाऱ्या सॉफ्टवेअरचे भागच पिक्सेल वेगवेगळ्या ठिकाणाहून मोजत असतात!

ग्राफची वही आठवा. पहिल्या चौकोनाचा पत्ता काय? एक पद्धत म्हणते, चौकोनाचा मध्य म्हणजे 0. दुसरी म्हणते, कोपरा 0 आणि मध्य 0.5. दोन्ही बरोबर. आपला तळमजला अमेरिकेत फर्स्ट फ्लोअर असतो, तसंच हे. घोळ होतो तो पत्ता देणारा इथला आणि शोधणारा तिथला असला की.

पॅनोरमात तर पत्ता अनेक हातांतून जातो. हेल्मुट डेर्श यांच्या 1998च्या पॅनोरमा टूल्सवर उभं राहिलेलं मोफत ‘हगिन’ घ्या. त्यात एक प्रोग्राम दोन फोटोंतले सारखे बिंदू शोधतो, दुसरा त्यावरून कॅमेऱ्याचे कोन काढतो, तिसरा फोटो वाकवतो आणि ‘एनब्लेंड’ जोड पुसतो. असे सुटे प्रोग्राम एकामागे एक लावताना मोजणी जुळलीच पाहिजे.

अर्ध्या पिक्सेलने काय बिघडतं? समजा, वेळ वाचवायला 4000 पिक्सेल रुंदीचा फोटो 8 पट लहान करून बिंदू शोधले. मोठ्या फोटोतले 0 ते 7 हे पिक्सेल मिळून छोट्याचा पहिला पिक्सेल झाला. त्याचा खरा मध्य 3.5 वर. सॉफ्टवेअरने नुसतं 0 गुणिले 8 केलं तर उत्तर 0. झाली की साडेतीन पिक्सेलची चूक! सगळे फोटो आडवे असतील तर ती बऱ्याच अंशी खपून जाते, कारण सगळे एकाच दिशेला सरकतात. त्यात एक उभा फोटो आला की त्याची चूक भलत्याच दिशेला जाते. मग आपण चांगले बिंदू ‘चुकीचे’ समजून डिलीट करत बसतो.

आणि शेवटी ब्लेंडिंग करून सगळं झाकतो. माझा राग इथे आहे. ब्लेंडिंग उजेडातला फरक मिटवण्यासाठी आहे, चुकलेल्या हिशेबाला रंगसफेदी करण्यासाठी नाही. इन्स्टाला चालेल, मान्य. पण आर्किटेक्चरची पोरं जुन्या वाड्याच्या पॅनोरमावरून खिडक्यांची मापं काढणार असतील तर? मोर्चाच्या बातमीतल्या फोटोत जोडावर कुणाचा चेहरा अर्धा विरला तर? दिसायला गुळगुळीत, पण खोटा फोटो आपण छापणार का?

प्रत्येक सॉफ्टवेअरने आपण मध्यापासून मोजतो की कोपऱ्यापासून, हे मॅन्युअलमध्ये ठळक लिहावं. आणि प्रोजेक्टला मार्क देताना सरांनी नुसता फायनल फोटो न बघता बिंदूंमधली चूक किती पिक्सेल आली, तेही विचारावं.

तोवर लॅबमध्ये एक टेस्ट करता येईल. काळ्या इमेजमध्ये एकच पांढरा पिक्सेल ठेवायचा, काहीही न वाकवता ती सगळ्या टप्प्यांतून न्यायची आणि झूम करून बघायचं. ठिपका जागेवर असेल तर उत्तम. एका पांढऱ्याचे चार करडे झाले असतील, तर मधे कुठेतरी अर्धा पिक्सेल सरकलाय. मग एकेक टप्पा काढून पुन्हा चालवायचं, चोर सापडेपर्यंत.