पंचाचाच बांध असेल तर?



कापूस मोजताना काटा व्यापाऱ्याचा असला की आपण डोळ्यात तेल घालून बघतो. एकाधिकार खरेदीच्या काळात कापूस घेणारा तोच आणि त्याची प्रत ठरवणारा ग्रेडरही त्याचाच, म्हणून केवढे रान उठवले आपण! पण गावातला तंटा ज्या काट्यावर मोजला जातो तो काटा कुणाचा, हे कुणी विचारत नाही.

15 ऑगस्ट 2007 रोजी राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. ग्रामसभेने समिती निवडायची, समितीने दोघांना समोरासमोर बसवून तडजोड करायची. कल्पना वाईट नाही. कोळपणी-निंदणी सोडून तालुक्याला तारखा करीत फिरणे कोरडवाहू शेतकऱ्याला परवडत नाही. वकिलाची फी जाते आणि हातभर सरकलेला बांध सरकलेलाच राहतो. पण समितीवर बसते कोण? बहुतेक गावी पंचायतीतली नाहीतर सोसायटीतली माणसे, किंवा त्यांचे भाऊबंद. आता समजा, नाल्याचे काम सरपंचाच्या मेहुण्याने घेतले आणि पाणी तुमच्या दादरच्या वावरात शिरले. तक्रार ऐकायला समोर कोण? सरपंच! शिवाय गाव तंटामुक्त ठरले की सरकारचे बक्षीस. म्हणजे तंटा मिटला असे कागदावर दिसण्यातच पंचाचा फायदा. गरिबाने गप्प बसणे यालाही मग तडजोडच म्हणतात.

कायद्याला हे कळत नाही असे नाही. ग्रामपंचायतीच्या ठेक्यात स्वतःचा किंवा भागीदाराचा, आडून का होईना, हिस्सा असेल तर सदस्य अपात्र ठरतो. 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमाचे कलम 14 तसे सांगते. ठेका घ्यायला बंदी आहे, मग त्या ठेक्यावरचा तंटा सोडवायला मोकळीक कशी? 2008 च्या ग्राम न्यायालय कायद्यातही न्यायाधिकाऱ्याचा हितसंबंध असेल किंवा पक्षकार नात्यातला असेल तर त्याने तो खटला चालवायचा नाही, वरच्या कोर्टाकडे पाठवायचा.

जुन्या फौजदारी संहितेत, म्हणजे 1973 च्या, कलम 479 होते. दंडाधिकाऱ्याने स्वतःचा संबंध असलेला खटला चालवू नये, हा त्याचा अर्थ. पण खाली एक स्पष्टीकरण चिकटवले होते : केवळ सार्वजनिक नात्याने संबंध आला म्हणून तो हितसंबंधी ठरत नाही. ही फट सगळे नासवते. गावात पुढाऱ्याचा प्रत्येक संबंध 'सार्वजनिक नात्याचा'च असतो! इंग्लंडमध्ये कायदा न शिकलेली साधी माणसे दंडाधिकारी म्हणून बसतात, त्यातले काही तिथल्या स्थानिक संस्थांचे सदस्यही असतात. तिथे 2003 च्या कायद्याने सरळ सांगितले, की ज्या संस्थेचा तू सदस्य, तिने केलेल्या किंवा तिच्यावर झालेल्या खटल्यात तू बसायचे नाही. फट ठेवलीच नाही. तंटामुक्तीची समिती तर कोर्टच नव्हे, तिला यातले एकही कलम लागत नाही.

कुणी म्हणेल, गावात सगळेच एकमेकांचे सोयरे, नाते पाहू गेलो तर पंच आणायचा कुठून? शेजारच्या गावातून आणायचा. नरडाण्याच्या तंट्याला बेटावदचा, बेटावदच्या तंट्याला नरडाण्याचा. यात नवे काही नाही. पूर्वी याच ग्रामपंचायत कायद्यात न्यायपंचायती होत्या, त्याही एका गावाच्या नव्हे, काही गावांच्या गटाच्या. पुढे ते प्रकरण कायद्यातून गेले. त्या बंद पडल्या याचे मला फार दुःख नाही, पण गटाची कल्पना शहाणी होती.

आपल्या भागात हे तातडीचे आहे. 2019 मध्ये धुळे-नरडाणा रेल्वेमार्गाची पायाभरणी झाली, सप्टेंबर 2024 मध्ये मनमाड-इंदूर मार्गाला केंद्राची मंजुरी मिळाली. लोहमार्ग म्हटला की जमीन जाणार. जमिनीचा मोबदला आला की जो बांध आजवर शिव्यांवर भागत होता तो लाखांचा होतो. वाटणी झाली होती का, विहिरीत हिस्सा कुणाचा, बहिणीची सही कुणी घेतली, असे तंटे मग पारावर येतील. त्या वेळी पंचाचाच गट नंबर शेजारी निघाला तर?

म्हणून येत्या ग्रामसभेत ठराव मांडा. तंटा ऐकायला बसण्याआधी प्रत्येक पंचाने आपले नाते, ठेका, देणे-घेणे तोंडी नव्हे तर वहीत लिहून सांगावे. संबंध निघाला तर त्याने उठून जावे. नुसते गप्प बसणे पुरत नाही, कारण त्याच्याकडे बघूनच बाकीचे बोलतात. तंटा पंचायतीशी असेल तर पंच बाहेरगावचा. आणि तडजोडीचा कागद सही करण्यापूर्वी घरी न्यायला मिळाला पाहिजे, घरच्या बाईलाही वाचून दाखवता आला पाहिजे.

जिल्हा बैठकीला येताना आपापल्या गावच्या समितीची नावे लिहून आणा. प्रत्येक नावापुढे तो माणूस आणखी कुठल्या संस्थेवर आहे, तेही लिहा.