बॅकअप सर्व्हरचं भाडं

मार्च २०२०मध्ये, लॉकडाऊनच्या दोन दिवस आधी मी पुण्याहून देवळी तालुक्यातल्या आमच्या गावी आलो. लॅपटॉप उघडला, काम सुरू. पगारातला एक रुपयाही कमी झाला नाही. शेजारच्या काकूंनी विचारलं, "ऑफिस बंद हाये म्हनतं, मंग पगार कसा येते रे?" त्यांच्या घरात कापूस छतापर्यंत साठला होता. खरेदी ठप्प. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ५,५५० रुपये क्विंटल; दारात येणारा व्यापारी त्याहून कितीतरी खाली मागायचा.

त्या एप्रिल-जूनमध्ये देशाचा जीडीपी जवळपास २४ टक्क्यांनी घसरला. मोठ्या क्षेत्रांपैकी वाढली ती एकटी शेती. शहरांनी वाऱ्यावर सोडलेले मजूर परतले तेही गावातच.

आमच्या धंद्यात याला बॅकअप सर्व्हर म्हणतात. मुख्य यंत्रणा कोसळली की सगळा भार तो उचलतो. पण वर्षभर गरज पडली नाही तरी कंपनी त्याचं भाडं दरमहा भरते. गावाचं भाडं कोण भरतं? मंदीच्या वर्षी केंद्राने रोजगार हमीच्या ६१,५०० कोटींत ४०,००० कोटींची भर घातली. चांगलं केलं. २०२३-२४च्या अर्थसंकल्पात तरतूद किती? ६०,००० कोटी. संकट टळलं, सर्व्हर बंद करा!

महाराष्ट्राला हे भाडं एकेकाळी कळलं होतं. १९७२च्या दुष्काळात राज्यभर रोजगार हमीची कामं निघाली आणि त्या खर्चासाठी १९७५मध्ये नोकरदार-व्यावसायिकांवर व्यवसाय कर लागला. तुमच्या सॅलरी स्लिपवर कापलेले दोनशे रुपये ते हेच. वर्षाला २,५०० रुपयांची कमाल मर्यादा राज्यघटनेतच आहे, १९८८पासून तीच. म्हणून महिना अकरा हजार कमावणारा आमच्या गेटवरचा वॉचमन आणि लाखाच्या वर कमावणारा मी, दोघं सारखाच कर भरतो. याला न्याय म्हणायचं?

"आपण इन्कम टॅक्स भरतोच की," मित्र म्हणतात. भरतो. काकूही साबणापासून रिचार्जपर्यंत जीएसटी भरतात. मंदीत त्यांना पगार मात्र येत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. ही मर्यादा उठवा, कमाईप्रमाणे कर घ्या आणि तो पैसा कामाच्या हमीसाठीच बांधून ठेवा, गावात आणि शहरातही. आधी कर माझ्यापासून वाढवा.

काकूंचा प्रश्न मी तेव्हा हसून टाळला होता. पुढच्या मंदीत पुन्हा त्यांच्याच शेजारी जाऊन बसायचं आहे.