विश्लेषण : खगोलशास्त्राच्या वर्गात ‘चर्चा तास’ कशासाठी?

अमेरिकेतील महाविद्यालयांत दरवर्षी सुमारे अडीच लाख विद्यार्थी प्राथमिक खगोलशास्त्राचा अभ्यासक्रम घेतात, असा अंदाज आहे. त्यातील बहुतेक विज्ञान शाखेचे नसतात आणि अनेकांच्या शिक्षणातला हा शेवटचा विज्ञान विषय ठरतो. मोठ्या सभागृहातील व्याख्यानांना जोडून तेथील अनेक विद्यापीठांत आठवड्यातून एकदा वीस-पंचवीस जणांचा ‘चर्चा तास’ होतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातही पदवीच्या विद्यार्थ्यांना आपल्या विद्याशाखेबाहेरचे ‘ओपन इलेक्टिव्ह’ घ्यावे लागतात. वाणिज्य वा कला शाखेच्या मुलांसाठी खगोलशास्त्र हा त्यात उत्तम पर्याय आहे. पण वेळापत्रक बसवताना पहिली कात्री लागते ती याच तासाला. तो वाचवायला हवा.

व्याख्यानाने भागत नाही का?

१९८७ मधील ‘अ प्रायव्हेट युनिव्हर्स’ या माहितीपटात हार्वर्डच्या पदवीदान समारंभात २३ जणांना ऋतू कसे होतात किंवा चंद्रकला कशा दिसतात, असे विचारण्यात आले. विद्यार्थी, माजी विद्यार्थी, प्राध्यापक अशा त्या मंडळींपैकी २१ जणांच्या उत्तरांत मूलभूत गैरसमज होते. पृथ्वी सूर्याजवळ गेली की उन्हाळा, हे त्यातले ठरलेले उत्तर. प्रत्यक्षात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, उत्तर गोलार्धातल्या ऐन थंडीत.

ही मंडळी बुद्धीने कमी नव्हती. आसाचा कल त्यांनी शाळेत कधीतरी वाचलाच असणार. मुद्दा असा की, शेकोटीजवळ ऊब लागते या अनुभवातून बनलेले उत्तर आधीच डोक्यात पक्के बसलेले असते. व्याख्यान त्याच्या शेजारी दुसरे उत्तर ठेवते, परीक्षेपुरते. जुने तिथेच राहते.

चर्चा तासात नेमके काय घडते?

चांगल्या तासात शिकवणारा कमी बोलतो. अंधाऱ्या खोलीत मधोमध एक दिवा, प्रत्येकाच्या हातात काडीला टोचलेला पांढरा चेंडू. विद्यार्थ्याचे डोके म्हणजे पृथ्वी, चेंडू म्हणजे चंद्र. स्वतःभोवती फिरताना कळते की चेंडूचा अर्धा भाग कायम उजळलेलाच असतो, बदलते ते आपल्याला दिसणारे अंग. ‘पृथ्वीची सावली पडते म्हणून कला दिसतात’ म्हणणाऱ्याला शेजारचाच विचारतो, मग ग्रहण महिनाभर का लागत नाही? ऋतूंच्या बाबतीत असा प्रश्न आपल्याकडे क्रिकेटमधून येईल : पृथ्वी जवळ आल्याने उन्हाळा होत असेल, तर आपण स्वेटर घालून मेलबर्नची २६ डिसेंबरची कसोटी पाहतो, तेव्हा तिथे उन्हाळा कसा?

अ‍ॅरिझोना विद्यापीठातील गटाने यासाठी कृतिपत्रिका तयार केल्या. जोडीजोडीने सोडवायच्या या पत्रिकांत दोन काल्पनिक विद्यार्थ्यांचा वाद छापलेला असतो. कोण बरोबर आणि का, ते लिहायचे. चुकीचे मत दुसऱ्याच्या तोंडी असल्याने ते तपासताना संकोच वाटत नाही.

याने फरक पडतो का?

२००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ३१ संस्थांतील जवळपास ४ हजार विद्यार्थ्यांची अभ्यासक्रमाआधी आणि नंतर चाचणी घेण्यात आली. जिथे अशा सहभागी पद्धतींना वर्गवेळेचा पाव हिस्साही मिळाला नाही, तिथे आकलनातील वाढ सर्वत्र कमीच राहिली. जिथे जास्त वेळ दिला, तिथे काही वर्ग बरेच पुढे गेले. काही मात्र होते तिथेच राहिले. हा दुसरा निष्कर्ष सोयीस्करपणे विसरला जातो. सहायकाने फळ्यावर गृहपाठ सोडवून दाखवला, तर तो चर्चा तास नव्हे, छोटे व्याख्यान.

महाराष्ट्रात अडचण कोणती?

अमेरिकेत हे तास बहुधा पीएचडीचे विद्यार्थी घेतात आणि त्याचे विद्यावेतन त्यांना मिळते. आपल्याकडे पदवी महाविद्यालयांत अशी फळी नाही. रिकाम्या जागा आणि तासिका तत्त्वावरील प्राध्यापक यांच्या भरवशावर चाललेल्या विभागाला ‘शंभर मुलांचे चार गट करा’ सांगणे सोपे नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना थोडे प्रशिक्षण आणि मानधन देऊन हे काम सोपवता येईल. विद्यापीठांनी त्यासाठी तरतूद करायला हवी, कारण एकट्या महाविद्यालयाच्या आवाक्यातले ते नाही. दुर्बीण किंवा तारांगण लागत नाही, दिवा आणि चेंडू पुरतात.

खरा अडसर परीक्षेचा आहे. ‘चंद्रकलांवर टीप लिहा’ असा प्रश्न येणार असेल, तर मुले टीपच पाठ करतील आणि चर्चेच्या तासाला दांडी मारतील. त्याऐवजी संकष्टीचा चंद्र साधारण रात्री नऊनंतरच का उगवतो, हे आकृती काढून स्पष्ट करायला सांगता येईल. त्या वेळेकडे घरोघरी दर महिन्याला डोळे लागलेले असतात. पौर्णिमेला सूर्यास्ताच्या सुमारास उगवणारा चंद्र रोज सरासरी ५० मिनिटे उशिरा येतो, एवढे चेंडू हातात घेऊन कळलेल्या मुलीला ते उत्तर पाठ करावे लागत नाही.