माशांच्या टाकीतली पाण्याची वाट

रंकाळ्याच्या शहरात राहणाऱ्यांना घाण साचलेले पाणी काय करते, हे सांगावे लागत नाही. नाल्यांचे सांडपाणी तलावात उतरले आणि केंदाळ कसे माजले, ते कोल्हापूरने पाहिले आहे. घरातल्या माशांच्या टाकीत सांडपाणी म्हणजे माशांची विष्ठा आणि उरलेले खाद्य. त्यातून विषारी अमोनिया तयार होतो. फिल्टरमधले जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग बरेच कमी घातक असे नायट्रेट करतात. या जिवाणूंना प्राणवायू मिळतो तो वाहत्या पाण्यातून. म्हणून टाकीखालच्या कॅनिस्टर फिल्टरची धार बारीक झाली, की मुलांनी हौसेने पाळलेले मासे धोक्यात येतात.

अशा वेळी मोठा फिल्टर आणायची घाई होते. आम्ही म्हणतो, आधी पाण्याची वाट मोकळी करा.

प्रथम धार मोजा. परतीच्या नळीचे तोंड टाकीच्या काठाइतक्याच उंचीवर ठेवून 10 लिटरची बादली भरा. दीड मिनिटात भरली, तर तासाला 400 लिटर पाणी फिरते. 100 लिटरच्या टाकीत तासाला चार वेळा पाणी फिरणे, हा साधारण हिशेब पुरेसा आहे. खोक्यावरचा आकडा बहुधा रिकाम्या फिल्टरचा असतो. त्याच्याशी तुलना करू नका.

आता प्लग काढून कामाला लागा. नळी लांब असेल तर कापून आखूड करा, मुरडलेली सरळ करा आणि आतली शेवाळ लांब ब्रशने काढा. मोटरचे चक्र जुन्या टूथब्रशने घासा. मग डब्यात पाणी कुठून शिरते ते पाहा. त्या बाजूला जाड स्पंज, मध्ये सिरॅमिक रिंगा आणि शेवटी बारीक कापूस, असा क्रम लावा. कापूस ठासून भरू नका. सर्वात आधी तोच तुंबतो. पाणी ओढणाऱ्या नळीच्या तोंडावर जाड स्पंज बसवला, तर कचरा बाहेरच अडतो. मात्र तो स्पंज आठवड्याला पिळावा लागतो.

परतीच्या आडव्या नळीची भोके 4 मिलिमीटरची असतील, तर ती 5 करा. प्रत्येक भोकाची जागा दीडपटीहून अधिक वाढते. धार कमी करायची असेल, तर परतीच्याच बाजूची चावी फिरवा. पाणी ओढणारी बाजू आवळू नका. फायटरसारख्या लांब परांच्या माशांना जोराचा प्रवाह सोसत नाही. त्यांच्यासाठी धार काचेकडे वळवा. मोटर किंवा डब्याला मात्र छेद देऊ नका.

स्पंज आणि रिंगा नळाखाली धुऊ नका. क्लोरीनमुळे जिवाणू मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्यातच त्या हलक्या हाताने खळबळा, आणि सगळे एकाच दिवशी लख्ख करू नका.

वळवाच्या पावसात वीज कित्येक तास गेली, तर बंद डब्यातला प्राणवायू संपून पाणी नासते. वीज आल्यावर ते टाकीत जाऊ देऊ नका. डबा उघडा, पाणी ओता आणि मगच फिल्टर सुरू करा. वायरला प्लगच्या खाली झोळ ठेवा, म्हणजे ओघळणारा थेंब बोर्डात न जाता खाली पडेल.

शेवटी पुन्हा बादली लावा. आकडा लिहून ठेवा आणि दर महिन्याला मोजा. धार घटू लागल्याचे मासे वर येऊन श्वास घेण्याआधीच कळेल.